बोडीतले मांगूर

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन बरीच वर्षे झाली होती. आमच्या घरामागे बोडी, म्हणजे लहानसे तळे आहे, तिच्यात ह्यांनी देशी मांगूर मासे पाळले होते. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत चढून आलेले मासे हे धरून आणायचे आणि बोडीत सोडायचे. करडी गावच्या बाजारात देशी मांगूर दिसेनासा झाला, तरी आमच्याकडे होता. एका वर्षी मात्र ह्यांनी फिरत्या माणसाकडून बोटाएवढी पिल्ले घेतली, देशी म्हणून, आणि त्यातच सोडली.

पुढे गावात बोभाटा झाला, की आमच्या बोडीत बंदी असलेला परदेशी मांगूर आहे. तो बाकीच्या माशांना खाऊन टाकतो. बोडीच्या खालीच मच्छीमार सोसायटीचा तलाव. हे मासा हातात धरून डोक्याचा आकार चाचपून पाहायचे, पण देशी-परदेशी मिसळीची पिल्लेही देशीसारखीच दिसतात. ह्यांना छातीठोक सांगता येईना.

तेव्हा मासे तपासायला कॉलेजातली एक बाई आली. मी पाणी देऊन दाराआड उभी राहिले. तिने माशांच्या परांचे तुकडे कापून स्पिरिटच्या नळ्यांत घातले आणि मासे परत सोडले. आईबापाची खूण अंगात असते, ती डोळ्यांना नाही पण मशीनवर दिसते, असे ती म्हणाली. तपासणीचा निकाल येईतोवर थांबा, म्हणाली.

सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे ह्यांचे मामाच. ते अंगणात खाटेवर बसून म्हणाले, "भाच्या, तुह्या नळ्या येतवरी तलाव साफ होऊन जाईन. मंग साऱ्या गावाले तू पोसशीन काय?"

पावसाळा तोंडावर होता, आणि बोडी भरली की पाणी तलावातच उतरते. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच इंजिन लावून बोडी उपसली. मासे खड्ड्यात टाकून चुना पसरला, वर माती ओढली. मांगूर पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. वरची माती हलत होती.

पाऊस लागल्यावर बाई आली, खुशीत. सगळे देशीच निघाले होते. देशीचे बीज, म्हणजे पिल्ले, तयार करायला तिला दोन जोड्या हव्या होत्या. ह्यांनी तिला खड्डा दाखवला.

मग विचारले, "ते तुकडे आहेत नं तुमच्याजवळ? त्याच्यातून पिल्ले नाई निघत?"

ती नाही म्हणाली.

अजून वाटते, त्या वर्षी पावसाने उशीर करायला हवा होता. मामांनी पुढे रोहूची बोटुकली आणून दिली, ती चांगली वाढली. त्यांना कोंडा टाकायला मीच जाते.