पन्नाशीला पुन्हा पोहताना

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी पन्नाशीकडे निघाले होते. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं घर, जवळच्याच शाळेत मी मराठी शिकवायचे. पाळी कधी दोन-दोन महिने यायची नाही, कधी पंधरा दिवसांत हजर. फळ्यावर लिहिता लिहिता मानेतून वाफ उठायची, कपाळ घामानं भिजायचं आणि समोरचा वर्ग काचेपलीकडं असल्यासारखा दूर, अंधूक व्हायचा.

पोटही सुटत चाललं होतं. खाणं तेच, कामं तीच. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी कमरेला टेप लावली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, चांगलंच भरलाय की! सुखाचं अंग हाय."

मी हसले. घरी येऊन आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवण. वजन तसूभर हललं नाही. चिडचिड मात्र वाढली आणि एका सकाळी शाळेची प्रार्थना चालू असताना मी मैदानावर मटकन खाली बसले.

यजमान मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाळी जायच्या वेळी अंगातलं एक संप्रेरक कमी होत जातं," त्या म्हणाल्या. "मग मांड्यांवर बसायची ती चरबी पोटावर बसायला लागते. वयानं स्नायूही घटतात, त्यात झोप मोडते. तुमचं काही चुकलेलं नाही. उपाशी तेवढं राहू नका. अंग रोज हलू द्या. आवडेल ते करा."

आवडेल ते म्हणजे काय, हेच मला आठवेना.

त्या फाल्गुनात मी माहेरी गेले. गडहिंग्लजजवळ, हिरण्यकेशीच्या काठाला आमचा मळा. तिथं आता अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, राहायची. मला बघताच म्हणाली, "तोंड का गं असं?"

"अक्का, किती सुटले बघ मी."

"मग? मी काय गवताची काडी हाय व्हय?" ती खो खो हसली. मग माझ्याजवळ सरकून हळू बोलली, "मला बी असंच झालतं. थंडीत गोधडी फेकून द्यायची मी. अव्वाला बी झालं असंल. पण तिनं सांगितलं न्हाय आणि आपण इचारलं न्हाय."

अव्वा, म्हणजे आमची आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ऊठ," अक्का एकदम म्हणाली. "हिरीवर जाऊ."

लहानपणी वडलांनी पाठीला सुका भोपळा बांधून आम्हाला त्याच विहिरीत पोहायला शिकवलं होतं. लग्नानंतर मी पाण्यात उतरलेच नव्हते. दुपार कलली होती, मळ्यात कुणी नव्हतं. जुन्या लुगड्यांचा काष्टा घालून आम्ही पायऱ्या उतरलो. अक्का बेधडक पुढं गेली. मी कठड्याला धरून गळ्यापर्यंत उतरले आणि हात सोडला.

बुडाले नाही. पाय आपोआप वर आले आणि मी उताणी तरंगू लागले. कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज थांबला. वर आभाळाचा गोल तुकडा, काठावर झुकलेली उसाची पाती, त्यातून गळणारं सोनेरी ऊन. इतके दिवस ओढत नेलेलं अंग पाण्यानं अलगद उचलून घेतलं होतं. कुठं मी संपत होते आणि कुठं पाणी सुरू होत होतं, मला कळत नव्हतं. बाजूला अक्का डोळे मिटून तरंगत होती. क्षणभर ती मला हुबेहूब अव्वासारखी दिसली.

कोल्हापूरला परतल्यावर मी पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेत नाव घातलं. पहिले काही दिवस लाज वाटली. मग कळलं, निम्म्या बायका माझ्याच वयाच्या होत्या. कपडे बदलताना सगळ्या घाम, झोप आणि पोट यांवरच बोलायच्या. रात्रीचं जेवणही मी पुन्हा सुरू केलं. वजन फार उतरलं नाही. पोट थोडं आत गेलं, बाकीचं राहिलं. पण गाढ झोप लागू लागली आणि जिना चढताना गुडघे कुरकुरेनासे झाले.

दोन हजार साल उलटल्यावर पाळी कायमची गेली. वर्षभर वाट बघून, खात्री झाल्यावर मी अक्काला फोन लावला.

"सुटलीस बघ!" ती तिकडून ओरडली. "आता महिन्यातली सुट्टी बी न्हाय. रोज पव की!"