रिकाम्या गाडीची सुट्टी

माझ्या बाबांना कोणाला फुकटचा सल्ला द्यायची सवय नव्हती, कारण मुळात बोलायचीच सवय नव्हती. बस स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांनी उभा जन्म काढला. माणूस समोर आला की ते विचारायचे, "कुठे जायचंय?" समोरच्याने गाव सांगितलं की ते फलाट सांगायचे, वेळ सांगायचे, आणि विषय संपला. मावशी आजारी आहे म्हणून निघालोय, असलं काही कोणी सुरू केलं, तर ते त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघायला लागायचे. स्थानकातले लोक त्यांना फलाटराव म्हणत. घरीही ते फलाटरावच होते. शाळेत माझा पहिला नंबर आला तेव्हा "बरं" म्हणाले आणि परत पेपर वाचायला लागले. मी दोन दिवस फुगून बसले होते, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणि आई? तिच्या तोंडाला खळ म्हणून नाही. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ती कपड्यांची दुरुस्ती करायची. कोणाच्या पँटची लांबी कमी कर, कोणाची चेन बदल, कोणी जाड झालंय तर कुशीतली शिलाई सोडून दे. दोन ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि टाचण्यांच्या फटीतून बोलणं चालूच. पँट घेऊन आलेला माणूस जाताना आपल्या सासूचं दुखणं, मुलाची नापास झालेली परीक्षा, भावकीतलं भांडण, सगळं तिच्याकडे ठेवून जायचा. पुढच्या वेळी आला की ती बरोबर तिथूनच पुढे सुरू करायची. बाबा आतल्या खोलीतून ऐकत असायचे. मी एकदा विचारलं, तुम्हाला कटकट नाही होत? तर म्हणाले, "सवय झालीय." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच झालं.

सुट्टी आम्हाला वर्षातून एकदाच मिळायची, नाताळच्या आठवड्यात, आणि कुठे जायचं हे बाबा ठरवायचे. त्यांची एक पद्धत होती. आमचं गाव वाटेवरचं. त्या आठवड्यात मोठ्या शहरांकडून येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असायच्या, सगळे निघालेले डोंगराला नाहीतर समुद्राला. त्याच गाड्या परत जाताना मात्र रिकाम्या. वर्षानुवर्षं खिडकीतून हे बघून बाबांनी आपला नियम काढला होता: गर्दी जिथून निघते, तिथे आपण जायचं. गाडीत हवी ती जागा, लॉजमध्ये हवी ती खोली, भाडं निम्मं, आणि कोणाची धक्काबुक्की नाही.

हिशेबाला एकदम चोख, पण जाऊन बघा म्हणजे कळेल. एका वर्षी आम्ही कॉलेजांच्या गावी गेलो. झाडून सगळी कॉलेजं बंद, पोरं घरी गेलेली, अख्ख्या वसतिगृहात आम्ही तिघं. जेवायला खाणावळ शोधत फिरलो तर उघडं काय, फक्त सायकलच्या पंक्चरचं दुकान. दुसऱ्या वर्षी कोर्टाच्या गावी, साक्षीदारांसाठी बांधलेल्या लॉजवर. खोलीत भिंतीवर कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'मी खरं सांगितलं.' आई तीन दिवस त्या माणसाचाच विचार करत होती. खतांच्या कारखान्याच्या गावीही आम्ही राहून आलोय. धुराडी थंड होती, त्यामुळे हवा फार छान होती, असं बाबांचं म्हणणं.

आई तक्रार करायची नाही. रिकाम्या गाडीत बोलायला कोण, तर कंडक्टर. ती त्यालाच पकडायची. रिकाम्या लॉजवर बोलायला कोण, तर तिथल्या राखणदाराची बायको. सुट्टी संपेपर्यंत दोघींनी एकमेकींच्या माहेरची सगळी माणसं ओळखीची करून घेतलेली असायची. मी चिडायचे. वर्गातल्या मुली समुद्रावरून शंख-शिंपले घेऊन यायच्या आणि मी काय सांगू, कोर्ट बघून आले?

बाबांची ही ख्याती मात्र गावभर झाली होती. डिसेंबर लागला की खिडकीसमोर वेगळंच गिऱ्हाईक उभं राहायचं. नाताळात कुठे जावं, लांब पण नको, महाग पण नको, मुलांनाही आवडायला हवं. बाबा क्षणभर डोळे मिटायचे आणि एकेकाला गाव सांगायचे. लोक जायचे, खूश होऊन यायचे, पेढ्याचा पुडा खिडकीतून आत सरकवायचे. बाबा म्हणायचे, "बरं."

बाबा निवृत्तीला आले त्या वर्षी आईचा आवाज बसला. आधी आम्ही हसलो. एवढं बोलल्यावर घसा संप करणारच, असं मीच म्हणाले होते. पण महिना उलटला तरी आवाज काही सुटेना. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. मी परगावी नोकरीला होते, रजा टाकून आले. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बसवून सरळ सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे. नव्या वर्षात ऑपरेशन करायचं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, अशी त्यांना पक्की आशा होती. पण बोलता येणार नाही.

आईने विचारलं, "म्हणजे कमी बोलता येईल का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाजच राहणार नाही."

बाबा खिडकीत बसल्यासारखे ताठ बसले होते. त्यांनी एकच विचारलं, तोवर तिने गप्प राहायला हवं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलल्याने गाठ वाढत नाही आणि गप्प बसल्याने कमी होत नाही. बोलावंसं वाटतंय तोवर बोलू द्या त्यांना."

हे वाक्य मी ऐकलं, आईने ऐकलं. बाबांनीही ऐकलंच असणार. पण घाबरलेला माणूस आपल्या सवयीकडेच पळतो. त्या नाताळला त्यांनी आयुष्यातली सगळ्यात चांगली जागा शोधली. आजवर कोणाला सांगितली नव्हती, म्हणे. दूर धरणावर इंजिनिअरांची वसाहत होती. सुट्टीत सगळे आपापल्या घरी जायचे आणि विश्रामगृह नाममात्र भाड्यात मिळायचं. "चिटपाखरूही नसतं तिथे," बाबा म्हणाले. त्यांना मी कधी एवढं उत्साहात बघितलं नव्हतं. "घशाला आराम पडेल."

मी बोलणार होते, तर आईने मला डोळ्यांनी दाबलं.

जागा सुंदर होती, नाही कशाला म्हणू. वऱ्हांड्यातून दूरवर पाणी दिसायचं. पांढऱ्या चादरी, स्वच्छ मोरी, गरम पाण्याची सोय. राखणदाराने किल्ल्या हातात दिल्या, गॅस कसा लावायचा ते दाखवलं आणि तोही सायकल काढून आपल्या मुलीकडे निघून गेला. आई फाटकापर्यंत त्याच्या मागे गेली. मुलगी कुठे दिलीय, जावई काय करतो, एवढं तिने विचारून घेतलं. मग सायकल वळणावर दिसेनाशी झाली आणि ती फाटक धरून तशीच उभी राहिली.

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहा केला आणि वऱ्हांड्यात तीन खुर्च्या मांडल्या. पाणी हलत नव्हतं, की झाडावरचं पान हलत नव्हतं. बाबा म्हणाले, "किती शांत आहे."

"अहो," आई म्हणाली. आवाज खरखरीत, कापड फाडल्यासारखा. "मला इथे कशाला आणलंत?"

"आराम पडावा म्हणून."

"आरामाला पुढे जन्म पडलाय." ती कपात बघत होती. "गप्प राहायला अख्खा जन्म पडलाय हो. हे थोडे दिवस उरलेत, तर मी कोणाशी बोलू? या पाण्याशी? तुमच्याशी बोलले तर तुम्ही बरं म्हणाल. मला माणसं हवीत. गाडीत गर्दी हवी, मुलं रडायला हवीत. कोणीतरी मला म्हणायला हवं, मावशी, जरा सरका."

मी तोंड फिरवलं. रडू आवरत नव्हतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं. बाबांनी कप खाली ठेवला. ते आत गेले. मला वाटलं, राग आला. बघते तर पिशवी भरत होते. चादरींच्या घड्यासुद्धा घातल्या त्यांनी.

वसाहतीवरून जाणाऱ्या बसने आम्ही मोठ्या स्थानकात येऊन उतरलो. अनोळखी स्थानक, तिथेही चौकशीची खिडकी. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना खिडकीच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभं राहिलेलं बघितलं. आतला तरुण म्हणाला, "कुठे जायचंय?"

"समुद्राकडे," बाबा म्हणाले. "सगळ्यात जास्त गर्दी कुठल्या गाडीला आहे?"

"कमी गर्दीची दुपारी आहे."

"कमी नको. जास्तीची सांगा."

त्याने बाबांकडे आपादमस्तक बघितलं आणि फलाट सांगितला. मागच्या माणसाला हसू आलं. बाबांनी वळूनही बघितलं नाही.

त्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा आणि मी दांड्याला लोंबकळत. आईला एका बाईने पोराला मांडीवर घेऊन टेकण्यापुरती जागा करून दिली, आणि आईचं सुरू झालं. पोराचं नाव काय, रात्री झोपतो का, त्याचे बाबा कुठेत. पलीकडच्या म्हातारबुवांच्या हातात कुंडी होती, ती कोणासाठी. मागच्या सीटवर नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांचं आधी कोणी कोणाला विचारलं. आवाज मध्येच फाटायचा, तेव्हा सगळे तिच्याकडे वाकायचे. ती बाई म्हणाली, "मावशी, घसा फार बसलाय तुमचा, गरम पाणी घ्या." आई म्हणाली, "घेते हो," आणि परत पोराच्या दातांवर आली. आपलं दुखणं तिने त्या गाडीत कोणालाही सांगितलं नाही.

समुद्रावर खोली मिळता मिळेना. शेवटी एका लाँड्रीच्या माडीवर मिळाली, दिवसभर वाफ आणि साबणाचा वास. भाडं ऐकून बाबांनी डोळे मिटले आणि मग पाकीट काढलं. आई लाँड्रीतच रमली. इस्त्रीवाल्याला कॉलर कशी दाबायची ते सांगत बसली. संध्याकाळी किनाऱ्यावर माणसांत माणूस मावत नव्हता, दिवे लावलेले, कोणाचं तरी पोर हरवलेलं, ते आईनेच शोधलं. वर्गातल्या मुलींसारखे मी शंख-शिंपले वेचले, या वयात. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कठड्यावर बसलो होतो. आई दमली होती. ती बाबांना म्हणाली, "तुम्हीही बोलत जा हो लोकांशी. त्यात काही अवघड नाही. त्यांना विचारायचं, मग तेच बोलतात."

बाबा म्हणाले, "बरं."

ऑपरेशन झालं. जीव वाचला, त्यासाठी मी रोज हात जोडते. पण घर बदललं. पुढच्या खोलीत मशीनचा आवाज तेवढा राहिला. पँट घेऊन येणारे लोक आधी बोलायचे, मग श्वासासाठी तिच्या गळ्यावर केलेल्या छिद्राकडे त्यांची नजर जायची आणि ते गडबडून पिशवी ठेवून निघायचे. आपलं काही सांगायला त्यांना लाज वाटायची. आई दारापर्यंत जाऊन त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी फोन केला तर बाबा उचलायचे, ती बाजूला आहे म्हणायचे, आणि आम्ही दोघंही गप्प. दोन मुके आणि एक फोन.

वर्ष फिरून नाताळ आला. बाबा निवृत्त झाले होते, तरी लोक घरी येऊन विचारायचे, स्वस्तात कुठे जावं. बाबा गाव सांगायचे, नेहमीसारखं, रिकाम्या गाडीचं. मी रजेवर आले आणि विचारलं, आपण कुठे? बाबांनी आईकडे बघितलं. आईने हाताने लाटा केल्या.

आम्ही आमच्याच स्थानकावर, भरून आलेल्या गाडीत चढलो. नशिबाने त्या दोघांना जागा मिळाली, मी बाजूला उभी. समोर एक वयस्कर बाई बसली होती, मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं धरून. आई तिच्याकडे बघायला लागली. बाईकडे, गाठोड्याकडे, परत बाईकडे. गप्पा सुरू करायच्या आधीचं तिचं ते बघणं, माझ्या ओळखीचं. मग तिने बाबांना कोपराने ढोसलं.

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. आईने परत ढोसलं, जोरात.

बाबांनी घसा साफ केला. "कुठे जायचंय?" त्यांच्या तोंडून तेच निघालं, खिडकीतलं, त्याच सुरात.

बाईने गाव सांगितलं. आता फलाट सांगायचा नव्हता. बाबा अडकले. त्यांच्या कपाळावर घाम आला, मला दिसला. गाडी सुरू झाली. आईने तिसऱ्यांदा ढोसलं नाही, त्यांच्या हातावर नुसता हात ठेवला.

"कोण..." बाबा म्हणाले, "तिकडे कोण असतं तुमचं?"

बाई म्हणाली, मुलगी असते. पहिलं बाळंतपण आहे. हा पाळणा आहे, तिचाच, तिच्या लहानपणीचा. आणि ती सांगायला लागली. आई पुढे झुकून, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होती. बाई थांबली की ती बाबांकडे बघायची, आणि बाबा विचारायचे, "मग?"