मुलीसाठी मत मागताना

माझी मुलगी आता राज्याच्या विधानसभेत बसते. त्याआधी ती इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. शाळेतले शिक्षक कमी केले म्हणून भांडायला गेली आणि भांडता भांडता निवडणुकीलाच उभी राहिली. तिच्या निवडून येण्यात माझा हातभार किती, हे कुणी विचारू नये म्हणून मी फोटोत मागच्या रांगेत उभी राहते.

निवडणुकीच्या दिवसांत अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरला गारठा सुरू झाला होता. इथे उमेदवार स्वतः दारोदार फिरतो. मुलगी म्हणाली, "आई, मराठी घरांना तू माझ्यासोबत चल. तुला बघून लोक दार तरी उघडतील."

मी चौथी शिकलेली. परक्या दारात उभी राहिले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बेल वाजवायची आणि मनात म्हणायचं, घरी कुणी नसू दे. कुणी नसलं की दाराला पत्रक अडकवून मी अशी पळायची, की बघणाऱ्याला वाटावं, बाई पत्रक चोरून चालली.

एका दारी माझ्याच वयाच्या, पुण्याच्या बाई निघाल्या. मुलगी शेजारच्या घरी बोलत थांबली होती. बाईंनी पत्रकावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"तुमची मुलगी का? कशी आहे हो?"

आता आमच्याकडची रीत अशी, की आपल्या लेकराचं कौतुक आपण करायचं नाही. आपण उणं सांगायचं आणि समोरच्यानं "छे हो, गुणाची आहे पोर" म्हणायचं.

"काय सांगू," मी म्हणाले, "हट्टी आहे. कुणाचं ऐकत नाही."

बाईंनी "छे हो" म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "अच्छा."

त्यांनी माझ्या मुलीला कधी पाहिलंच नव्हतं, त्या काय म्हणणार? हे मला तेव्हा कुठलं सुचायला! घाबरून मी आणखी भर घातली. "स्वयंपाकाचा तर आनंदच आहे. वस्तू जागेवर ठेवणं माहीत नाही."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि पत्रक माझ्या हातात परत दिलं.

वळले, तर मुलगी पायरीशी उभी.

गाडीत बसल्यावर ती खूप हसली. "आई, तुला समोरच्या पार्टीनं पाठवलंय का?" मीही हसले. पण तिनं गाडी सुरू केली नाही. म्हणाली, "शाळेत पालक येऊन सांगायचे, टीचर, तुम्ही छान शिकवता. तू एकदाही म्हणाली नाहीस. मघाशी त्या बाईंना सांगितलंस, तुला खरंच तसं वाटतं का गं?"

तिला पोरांनी दिलेली इंग्रजी कार्डं मला वाचता येत नाहीत, तरी ती मी माझ्या चांगल्या साड्यांखाली जपून ठेवलीत. हे सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "सीटबेल्ट लाव."

तेवढ्यात समोर एका दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला. ढीग म्हणजे आपलीच माणसं. धीर सुटायच्या आत मी उतरले, तरातरा गेले आणि बेल दाबली. "आई, ते घर आपल्या यादीत नाही!" म्हणत मुलगी मागून धावली.

हाफपँट घातलेल्या एका पोरानं दार उघडलं. हातात पळी. मी एका दमात बोलून टाकलं, "ही माझी मुलगी. ज्या पोराला गणित येत नाही त्याच्या शेजारी बसून शिकवते. चांगली आहे. फार चांगली आहे. हिला मत द्या."

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, नक्की दिलं असतं, पण आम्ही सगळे नागपूरहून शिकायला आलोय. आम्हाला इथे व्होट नाही." मग आत वळून ओरडला, "अरे यार, चहा टाक! मराठी मावशी आल्यात."

जन्मात एकदा लेकीचं कौतुक केलं, तेही एकसुद्धा मत नसलेल्या घरी.

मागे मुलगी रुमालानं नाक पुसत होती. थंडी होतीच म्हणा.

"काय म्हणालीस आई? परत म्हण ना."

"एकदा सांगितलं ना. ही बघा, हट्टी आहे म्हणते ते उगाच नाही," मी त्या पोराला म्हणाले आणि बूट काढून चहाला आत गेले.