वरच्या गल्लीतला लुप्त कर्ता

टायपिस्टबाईंना कुणी समाजसुधारक म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या. आपल्यामागे कुणी थोर माणूस येऊन उभा राहिलाय, असं त्यांना खरंच वाटायचं. त्यांच्याजवळ ना व्याख्यान, ना अनुयायी. होता तो एक जुना टाइपरायटर, त्याचीही 'ण'ची कळ मोडलेली. त्यामुळे त्यांनी टाइप केलेल्या प्रत्येक कागदावर जिथे तिथे 'ण' पेनानं काढलेला असे आणि तो बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा ऐटीत उभा असे. वय बावन्न, घरात एकट्या. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कामाच्या गडबडीत राहून गेलं बघा."

काम म्हणजे गल्लीच्या समितीचे ठराव, नोटिसा आणि अहवाल टाइप करणं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तीच कचेरी. दर गुरुवारी दुपारी तिथेच त्या बायकांना अर्ज लिहायला शिकवायच्या. पहिला धडा हा, की 'आपली नम्र' याच्या खाली स्वतःचं नाव लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी निम्म्या बायकांनी नवऱ्याचं नाव लिहिलं आणि एकीनं सासूचं. का, तर "नाहीतर त्या रागावतील."

पण हळूहळू हात बसला. त्या अर्जांच्या जोरावर नळापाशी बाक आला, शाळेच्या कोपऱ्यावर दिवा आला. समितीच्या अहवालात मात्र 'बाक ठेवण्यात आला', 'दिवा बसवण्यात आला' एवढंच असे. कुणी धडपड केली, कुणाच्या चपला झिजल्या, ते अहवालाला ठाऊक नसे. आणि गंमत म्हणजे तो अहवाल टाइप करायच्या त्याच.

आता एका भिंतीबद्दल सांगायला हवं. वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक दार. आठ वर्षांपूर्वी एका बादलीवरून दोन्हीकडच्या पुरुषांत जुंपली. बादली कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण एकाच्या दोन समित्या झाल्या आणि दाराला दोन कुलपं लागली, एक इकडून, एक तिकडून. दवाखाना राहिला खाली आणि शाळा राहिली वर. पुरुषांची अब्रू राखली गेली. तापलेलं पोर कडेवर घेऊन मोठ्या रस्त्यानं पाऊण तासाचा वळसा घालायचा, तो बायकांनी.

टायपिस्टबाईंची थोरली बहीण खालच्या गल्लीत दिलेली. दारातून चाळीस पावलं. ताईचे गुडघे गेलेले, वळसा तिला झेपत नसे. बाई रविवारी जात, पण ताईचं घर माणसांनी गच्च भरलेलं, दोघींना एकटं बसायला कोपरा म्हणून नाही. मग एरवीचं बोलणं भिंतीवरून, घसा ताणून. अलीकडे ताई रोज एकच सांगत होती.

"मला तुझ्याशी बोलायचंय गं!"

"मग बोल ना!"

"असं ओरडून नाही सांगता येत! तुझ्या घरी येऊन बसायचंय!"

आणि त्याच आठवड्यात समितीचा कागद टाइप व्हायला आला, 'दार विटांनी कायमचे बुजवावे.' सभा पंधरा दिवसांनी. गवंड्याशी बोलणीही झाली होती.

ठरावाखाली नियम होता, 'प्रत्येक घरास एक मत. ते त्या घरातील कर्त्याने द्यावे.' हा नियम बाईंनी आजवर शंभरदा टाइप केला असेल. त्या दिवशी बोटं 'कर्त्याने'वर थांबली. उठल्या आणि थेट गुरुजींकडे गेल्या.

गुरुजी म्हणजे समितीचे अध्यक्ष. पस्तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं. कुणी 'आग लागली' म्हणून ओरडत आला तरी आधी त्याचं वाक्य तपासणार आणि मग पाणी शोधणार.

"गुरुजी, कर्ता म्हणजे नक्की काय हो?"

"सोपं आहे. क्रिया जो करतो, तो कर्ता."

"लिहून देता? बायकांना शिकवायला लागेल."

गुरुजी हरखले. आजकाल व्याकरण विचारतं कोण? त्यांनी व्याख्या लिहून खाली झोकदार सही ठोकली.

त्या संध्याकाळी बाई भिंतीपाशी गेल्या आणि ओरडल्या, "ताई, लिहून घे! क्रिया करतो तो कर्ता! पाणी भरणं ही क्रिया!" पलीकडून ताई ओरडली, "स्वयंपाक?" "तीही क्रिया!" पुढे दोन आठवडे हे असंच चाललं. ताईच्या मागे खालच्या गल्लीतल्या बायका उभं राहून ऐकायच्या. दोन्हीकडचे पुरुष ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. अख्खा बेत त्यांच्या कानांवरून गेला, पण व्याकरण म्हटल्यावर कुणी कान दिला नाही.

दोन्ही समित्यांचा नियम एकच, कारण फुटण्याआधीची समिती एकच. ताईनं खालच्या समितीकडून, दार उघडायचं का यावर, वरची सभा होती त्याच रविवारी सभा लावून घेतली.

वरची सभा कचेरीतच भरली. गुरुजी म्हणाले, "कर्त्यांनी हात वर करावेत." पुढे बसलेल्या पुरुषांचे हात वर गेले आणि मागे उभ्या असलेल्या बायकांचेही.

"बायकांनी का हात वर केले?"

टायपिस्टबाईंनी कागद काढला आणि खालच्या सहीसकट वाचून दाखवला. गुरुजी लालबुंद झाले. "अहो, हा वाक्यातला कर्ता! घरातला नव्हे!"

"मग घरातलंच वाक्य घेऊ," बाई म्हणाल्या. "'पाणी भरलं जातं.' यात कर्ता कोण?"

पस्तीस वर्षांची सवय. गुरुजी बोलून गेले, "इथं कर्ता लुप्त आहे."

मागून गुरुजींची बायको उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती, घरातही बेतानंच. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं लुप्त आहे हो मी. आज सापडले."

असा हशा पिकला की खाली दुकानातला सायकलवाला पंक्चर सोडून वर आला. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ ओरडला, "आमच्या घरी केर मी काढतो!"

"कधी?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"गेल्या वर्षी! तू आजारी होतीस तेव्हा!"

"तेव्हा शेजारणीनं काढला."

गृहस्थ खाली बसला. गुरुजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या सहीकडे. नियम वाकवता आला असता, माणसं रोज वाकवतात. पण व्याकरण मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "व्याकरणाप्रमाणे हरकत घेता येत नाही," ते पुटपुटले.

एक्केचाळीस घरं, प्रत्येक घरातल्या काम करणाऱ्याचं एक मत. दार उघडावं म्हणणारी बत्तीस, बुजवावं म्हणणारी नऊ. बत्तिसांत सायकलवालाही होता, कारण तो एकटा राहायचा, आपला स्वयंपाक आपणच करायचा आणि त्याच्या कर्तेपणावर कुणी बोट ठेवलं नाही. नवांतल्या सहा घरांत बायकांनी मत नवऱ्यांवर सोडलं होतं, पण उरलेल्या तिघी बायकाच होत्या. एक म्हणाली, "मला त्या खालच्यांची तोंडं बघायची नाहीत!" टायपिस्टबाईंनी तिचं मत तितक्याच नीट लिहून घेतलं. मत द्यायला शिकवलं म्हणजे ते आपल्याच बाजूनं पडेल, असं थोडंच आहे? खालच्या सभेत ताईनं हीच व्याख्या मांडली; तिथल्या अध्यक्षांना तर कर्ता कुठला आणि कर्म कुठलं हेच कळेना, त्यांनी कंटाळून दार उघडायला होकार दिला.

सोमवारी सकाळी दोन्ही कुलपं निघाली. ताई काठी टेकत चाळीस पावलं चालून आली. ती स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "दार लावून घे."

बाईंनी दार लावलं. ताई हळू आवाजात बोलली, इतक्या हळू, की बाईंना तिच्याजवळ सरकावं लागलं.

"गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मुलानं डॉक्टर ठरवला, सुनेनं दिवस ठरवला, यांनी दवाखाना ठरवला. चांगलीच आहेत गं सगळी. पण मला कुणी विचारलंच नाही. आणि मला फार भीती वाटते. घरभर माणसं, कुणाला सांगू? भिंतीवरून ओरडू?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ताईचा हात धरला आणि विचारलं, "तुला काय वाटतं? करायचं की नाही?"

चहा झाला, निवला, परत गरम झाला.

"करायचं," ताई शेवटी म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात. तोवर रोज इथं येऊन तुझ्यापाशी घाबरून घेणार आहे."