पत्रकांच्या गठ्ठ्यावरची स्प्लिट

आमच्या कराटेच्या सरांचा लवचिकतेबद्दल एकच सिद्धांत होता: पाय भीतीनं आखडतात. भीती काढा, स्प्लिट येते. म्हणजे दोन्ही पाय दोन बाजूंना सरळ पसरून माणूस जमिनीला टेकतो. भीती काढायची पद्धत अशी, की मुलीला पाय फाकवून बसवायचं आणि दोन्ही मांड्यांवर एकेक मुलगी उभी करायची. धान्याच्या रिकाम्या शेडमध्ये माझीही भीती अशी काढण्यात आली. मांडीत काहीतरी चर्रकन झालं. भीती होती तिथंच राहिली आणि मी तीन आठवडे लंगडले.

आई म्हणाली, "काऊन वं? पाय मोडून घ्याले जातेस का त्या क्लासात?"

मी पत्रक लिहिलं. रागात मला दुसरं काही सुचत नाही. 'जबरदस्तीची लवचिकता: मुलींनो, जाब विचारा!' खाली सहा मागण्या. क्लासमधल्या मैत्रिणीनं ते उभ्याउभ्या वाचलं. "सारं खरं हाय बाई. पण तुले येते का स्प्लिट?"

नव्हती येत. जमीन आणि मी यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं. हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत ती सक्तीची. पट्टा नसताना बोलले, तर लोक म्हणणार, हिला जमत नाही म्हणून ओरडते. म्हणून मला पट्टा हवाच होता, आणि तोही कुणाला मांडीवर उभं न करता.

घरी माझा जुना गठ्ठा पडून होता: बसस्टँडवरच्या कुलूपबंद महिला शौचालयाविरुद्धची पत्रकं. छापली उत्साहानं, वाटायची राहिली. बरोबर वीतभर उंच. आधी अंगणात फेऱ्या मारून पाय गरम करायचे, मग गठ्ठा खाली घेऊन त्यावर टेकेपर्यंत पाय पसरायचे, आणि जमेल तसा गठ्ठा कमी करत जायचा. नियम केला, की पत्रकं नुसती बाजूला काढायची नाहीत, वाटूनच कमी करायची. बाजाराच्या दिवशी लोक पत्रक घेत आणि त्यावरच भजी खात. त्यांनी वाचलं नाही म्हणून माझ्या मांड्यांचं काही अडत नव्हतं. चार महिन्यांत गठ्ठा दोन बोटांवर आला.

परीक्षेला प्रमुख पाहुणे येणार होते, अकरा वाजता. ते आत येताना सगळ्या मुली स्प्लिटमध्ये बसलेल्या हव्यात, असं सरांनी फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं. एक वाजता सर ओरडले, "गाडी आली! बसा!" बसलो. ती सोनाळा गावाहून आलेली संत्र्यांची गाडी निघाली. उठलो. पुन्हा "आली!" तो मंडपवाला. दीड वाजता पाहुणे खरंच आले.

"बसा!"

मी उभीच. "सर, पाय गार झाले. दहा मिनिटं मोकळे करते आधी."

"पाहुणे थांबतील का तुझ्यासाठी?"

"आम्ही अडीच तास थांबलो ना, सर."

मी शेडभोवती धावायला लागले. मागून मैत्रीण आली, मग आणखी दोघी, मग सगळ्याच. पाहुणे शाल अंगावर घेऊन, नारळ हातात धरून दहा मिनिटं उभे होते. त्यांना काही विशेष वाटलं नसावं. सत्कार यापेक्षा लांबतात.

मग बसलो. कुणाचीही मांडी गेली नाही. माझं मात्र जमिनीपासून दोन बोटं अंतर उरलं. मी पिशवीतून गठ्ठा काढला, खाली सरकवला आणि त्यावर टेकले. सरांनी वाकून पाहिलं. "नापास."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: पाहुणे, शाल, सर. मागे आमची मुंडकी. कंबरेखालचं सगळं कापलेलं. खाली लिहिलं होतं, 'मुलींची चित्तथरारक प्रात्यक्षिके'.

आईनं फोटो उजेडात धरला. "अन् तुहे पाय कुठं हायेत वं?"

पुढच्या बाजाराला उरलेली दोन बोटं पत्रकं घेऊन मी बसस्टँडवर गेले. शौचालयाला कुलूप होतंच. मैत्रिणीनं न विचारता अर्धी उचलली.

"आता खाली ठेवाले काही उरत नाही बरं," ती म्हणाली. "या खेपेले टेकली नाहीस, तर मीच उभी राहीन तुह्या मांडीवर."