रागाच्या हातानं पीठ मळू नये

तर सावेता विहिरीवरून तणतणत परत आली, इथवर काल आलो होतो. तिला लागेल असं बोललं कोण होतं, तर तिची थोरली नणंद पिरोश्का! सावेताचं सासर प्रोटेस्टंट, ती मात्र आमच्यासारखी ऑर्थोडॉक्स.

"तुमचा पाद्री दर रविवारी पावावर सुरी चालवून ख्रिस्ताला पुन्हा मारतो," पिरोश्का म्हणाली. "एकदा मेला ते पुरलं नाही होय?"

सावेतानंही तोंड सोडलं, "तुम्ही काय, पाव खाता, ख्रिस्ताची आठवण काढता नि घरी जाता!"

आता पंचाईत अशी, की नवरा गेल्यापासून आमच्या चर्चचा पाव सावेताच भाजायची. पाद्रीबाबा त्यातूनच भाल्यासारख्या सुरीनं 'कोकरू', म्हणजे ख्रिस्ताच्या नावाचा मधला तुकडा, कापून अर्पण करायचे. नि भांडण मिटवल्याशिवाय त्या पिठाला हात लावायचा नाही, हा नियम. त्यात तो शनिवार!

मी कुंपणावरून बघतोय, बाई आत जाते, बाहेर येते. फाटकाची कडी काढते, पुन्हा घालते. आत भांडणाआधीच घातलेलं पिठाचं आंबवण फुगून काठाला आलेलं.

"जा की, सावेता."

"मी का जाऊ? सुरुवात त्यांनी केली!"

"बरं, मग उद्या पाद्रीबाबांपुढं काय ठेवशील, उकडलेला बटाटा?"

तशी तरातरा निघाली. मी मागोमाग, असली गंमत कोण सोडेल!

पिरोश्का अंगणात काहिलीत आलुबुखार आटवत होती.

"वन्सं, मला माफ करा."

"करते. आधी हे ढवळ. खाली लागलं तर माफी रद्द."

सावेता ढवळू लागली, पण घडीघडी मान आपल्या घराकडं. पिरोश्का निवांत बाकावर टेकली. "शब्द मात्र मागं घेणार नाही हां. बळी एकदाच झाला. संपलं."

"नका घेऊ. माफ केलं एवढंच म्हणा!"

रस्त्यानं चाललेला कॅथलिक लोहार थबकला. "बळी एकच, बायांनो. आमच्या मिस्साच्या उपासनेत तोच पुन्हा समोर येतो, दुसरा होत नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं?" दोघी एकदमच खेकसल्या. लोहार गेला तसं पिरोश्काला हसू फुटलं.

"जा, केलं माफ. पण सांग तरी, त्यानं एकदाच सगळं दिलं, मग दर आठवड्याला तू तिथं नवं काय नेतेस?"

सावेतानं उलथणं तिच्या हातात कोंबलं.

"त्यानं दिलं ते एकदाच नि पुरेपूर, कबूल. पण वन्सं, तुमच्यापुढं ही मान मला दर शनिवारी नव्यानं वाकवावी लागते. सरका आता, आंबवण उतू चाललंय!"