मागे घेतलेला ठराव

सत्तरच्या दशकात मी पहिल्यांदा आमदार झाले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ज्याला त्याला मला एकच शहाणपण शिकवायचं होतं: शुक्रवारी, म्हणजे आमदारांच्या खासगी ठरावांच्या दिवशी, आपला ठराव मांडायचा आणि मंत्र्यांनी आश्वासन दिलं की हात जोडून मागे घ्यायचा. नाही घेतला तर तो मतदानात पडणार. घेतला तर बहुतेकदा त्याचं भिजत घोंगडं. ही रीत मला मुळीच मानवत नव्हती.

माझा ठराव हातमागाच्या घरांतल्या बायकांचा होता. आमची शेजारीण दिवसभर चरख्यावर नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचा खांदा वर होईना. पण सरकारदरबारी विणकर तिचा नवरा, ती नुसती त्याची बायको. विणकराला मिळणारं औषधपाणी तिला नाही. विधानसभेनं समिती नेमून या बायकांच्या कामाचा अभ्यास करावा, एवढंच माझं मागणं. त्या दिवशी तिला मी प्रेक्षकांच्या सज्जात आणून बसवलं होतं.

मंत्री गोड बोलले. "भगिनींच्या भावनांशी मी सहमत आहे. अभ्यास करू. ठराव मागे घ्यावा."

बाकं वाजली. मी उठले, पण हात जोडले नाहीत. समिती घरोघर जाणार की कचेरीत बसणार? अहवाल सभागृहापुढे कधी येणार? अध्यक्षांनी बसायला सांगितलं, तरी मी उभीच. इथे बोललेला शब्द कार्यवृत्तात जातो आणि मग मंत्र्याला तो गिळता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. अखेर मंत्री वैतागून म्हणाले, "समिती घरी जाईल. अहवाल पुढच्या नागपूर अधिवेशनात ठेवू." तेव्हा कुठे मी ठराव मागे घेतला.

बाहेर शेजारीण डोळे पुशीत उभी होती. "मांगं काहून घेतला वं बाई? माहं हसं केलं तू."

"अवं, मंत्र्याकडून कबूल करून घेतलं, मंगच मांगं घेतला!"

तिला पटलं नाही. ती माझ्याशी बोलेना, आणि मलाही तिचा सडकून राग आला.

उन्हाळ्यात समिती खरंच आमच्या गल्लीत आली. शेजारणीचा नवरा मागावर होता. एका सदस्यानं विचारलं, "या घरात मागाचं काम कोण करतं?"

"मीच करतो," तो विणता विणता म्हणाला.

कोपऱ्यातला चरखा थांबला. थोड्या वेळानं मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातली कांडी संपली. भरलेल्या कांडीसाठी त्यानं न बघताच मागे हात केला. हात रिकामाच राहिला.

"काहून थांबली वं?"

"तुमीच करता ना? करा मंग."

ते सदस्य उठले, चरख्यासमोर जाऊन जमिनीवर बसले आणि पुढचा प्रश्न त्यांनी तिला विचारला.